लेकराच्या हातात मोबाईल, आणि आपल्या हातात काय?

(सोनपेठ येथे पालक, शिक्षक आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय मला दिलाय तो असा : ‘किशोरवयीन मुले आणि समाजमाध्यमांचा विवेकी वापर’. शब्द जड आहेत. सोपं करून सांगायचं तर तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातात व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूब आलंय, त्याचं करायचं काय?

या विषयावर बोलायला उभं राहिलं की लोक लगेच विचारतात, ‘सर, मोबाईल चांगला का वाईट?’ मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यात पहिली शिस्त ही, की प्रश्न चुकीचा असला तर उत्तर शोधत बसू नये, आधी प्रश्न दुरुस्त करावा. विळा चांगला का वाईट? ज्वारी काढायला चांगला, पायावर पडला तर वाईट. मग आपण लेकराला विळा कधी देतो? हात बसल्यावर. आणि पहिले चार दिवस शेजारी उभं राहून. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण विळा देऊन टाकला आणि शेजारून उठून गेलो. म्हणून खरा प्रश्न असा आहे : हात बसेपर्यंत शेजारी कोण उभं राहणार, आणि त्यानं नेमकं काय शिकवायचं?

दोन गावं, दोन वाटा

आपल्या महाराष्ट्रात दोन गावांनी या प्रश्नाला हात घातला. दोन्ही २०२२ सालची गोष्ट.

पहिलं गाव सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. तीन हजारांच्या आसपास वस्ती. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा परत सुरू झाली तरी मोबाईल काही हातातून सुटला नाही. गावानं सभेत ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही-मोबाईल बंद राहतील. मुलं अभ्यासाला बसतील, मोठे वाचतील, बोलतील. सुरुवातीला लोक हसले. पण गावातल्या बायांनीच कबूल केलं, की आम्हीसुद्धा मालिकांच्या नादी लागलोय. मग आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावून सांगितलं.

दुसरं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं बांशी, पुसद तालुक्यातलं. तिथल्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी घालण्याचा ठराव केला.

दोन्ही गावांची तळमळ सारखी. पण विचारातला फरक बघा. बांशीच्या ठरावात बंधन फक्त मुलांवर आहे. वडगावच्या भोंग्यात बंधन सगळ्यांवर आहे, आणि ते दीड तासांचंच आहे. म्हणजे वडगावनं मोबाईलला शत्रू ठरवलं नाही, त्याला वेळ ठरवून दिली. आणि बापानं स्वतः मोबाईल खाली ठेवला. मला विचाराल तर ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोरगं आपलं सांगणं कमी ऐकतं, आपलं वागणं जास्त बघतं.

बंदीचा विचार जगभर चालू आहे. ऑस्ट्रेलियानं २०२४ साली कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. तिथं दंड मुलाला नाही, आईबापाला नाही, कंपनीला आहे. आपल्याकडे २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालचं ते मूल, त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती पाहिजे, आणि मुलावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं म्हटलंय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. कायदा आपलं काम करील. पण कायदा सोनपेठच्या घरात रात्री दहा वाजता येऊन पोराच्या उशाखालचा मोबाईल काढणार नाही. तिथं आपणच आहोत.

हे यंत्र चालतं कसं?

आता थोडं यंत्राच्या पोटात शिरू. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे, नीट ऐका.

इन्स्टाग्राम फुकट आहे, यूट्यूब फुकट आहे. बाजारात कोथिंबिरीची जुडी फुकट मिळत नाही, मग एवढी मोठी कंपनी फुकट कशी चालते? जाहिरातीवर चालते. तुम्ही जितका वेळ बघाल तितक्या जाहिराती दिसतील. म्हणजे तिथं विकली जाणारी वस्तू तुमचा वेळ आहे. जास्त नेमकं सांगायचं तर तुमचं लक्ष. हर्बर्ट सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ सालीच बजावून ठेवलं होतं, की माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो. दुष्काळ म्हणजे काय ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

मग लक्ष धरून ठेवायचं कसं? तीन युक्त्या सांगतो.

पहिली युक्ती, शेवट काढून टाकणे. पुस्तकाला पान संपतं, वर्तमानपत्र संपतं, सिनेमालासुद्धा मध्यंतर असतं. तिथं माणूस थांबतो, आळोखेपिळोखे देतो, उठतो. बोट सरकवत राहा आणि पुढचं येतच राहील, ही सोय २००६ च्या सुमारास आझा रास्किन नावाच्या माणसानं तयार केली. नंतर त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो आता याविरुद्ध बोलतो. रील संपत नाही, कारण ती संपू नये अशीच बनवलीय.

दुसरी युक्ती, कधीतरीच बक्षीस देणे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उंदीर-कबुतरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी पोट भरल्यावर थांबतो. पण कधी मिळेल, कधी नाही, हे ठाऊक नसलं तर तो दाबतच राहतो. मटक्याच्या नादी लागलेला माणूस तुम्ही पाहिलाय ना? तेच. दहा रील फालतू, अकरावी झकास. त्या अकरावीसाठी आपण रात्रीचे बारा वाजवतो.

तिसरी युक्ती, चारचौघांची शाबासकी मोजून दाखवणे. फेसबुकनं ‘लाईक’चं बटण आणलं २००९ मध्ये. आता तेरा-चौदा वर्षांचं वय कसलं असतं? आईबापापेक्षा दोस्तांचं मत मोठं वाटायचं. आपल्या वेळीही तेच होतं. पण आपल्या वेळी दोस्त सात-आठ होते, आणि कुणी चिडवलं तर घरी आल्यावर ते संपत होतं. आज ते घरात येतं, पांघरुणात येतं. वर त्याला आकडा असतो : तिला दोनशे, मला अकरा. मोठ्या माणसालाही हे पचत नाही, तिथं लेकराचं काय!

कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं नीतीचं एक मोठं सूत्र मांडलं. त्याचा आशय असा, की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे. मुलांनो, मोबाईल हातात घेताना एवढंच विचारा : आत्ता मी याला वापरतोय, का हा मला वापरतोय? गणिताचं उदाहरण शोधायला तुम्ही आलात, सापडलं, आणि मोबाईल ठेवला, तर तुम्ही वापरलं. गणितासाठी आलात आणि तासाभरानं भानावर आलात तेव्हा कुणाच्या तरी लग्नातला नाच बघत होतात, तर तुम्ही वापरले गेलात. याला दुसरी परीक्षा नको.

आपल्याकडचा पेच

शहरातले तज्ज्ञ सांगतात, ‘सोळा वर्षांपर्यंत स्मार्टफोन देऊ नका.’ ठीक आहे. पण आपल्या भागाची गोष्ट निराळी आहे. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोयता घेऊन मायबाप कारखान्याच्या तळावर, आणि शाळेसाठी लेकरू आजीजवळ गावात. पाच-सहा महिने. त्या लेकराला रात्री आईचा चेहरा दिसतो तो मोबाईलवरच. त्याचा मोबाईल काढून घ्या असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि त्याच घरात पंचाहत्तर वर्षांची आजी आहे, तिला कळत नाही की नातू आईशी बोलतोय का भलत्याशीच.

दुसरा पेच पोरींचा आहे, आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. समजा, नववीतल्या मुलीला कुणी घाणेरडा संदेश पाठवला, किंवा तिचा फोटो उचलून त्याचं भलतंच काही केलं. चूक कुणाची? पाठवणाऱ्याची. पण घरात कळलं तर काय होतं? आधी मोबाईल जातो. मग शाळा बंद होते. मग स्थळं बघायला सुरुवात होते. ही कल्पना नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शेकडा ४८ जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं निघालं. जवळजवळ निम्म्या! ज्या मुलीला माहीत आहे, की सांगितलं तर शाळा सुटणार, ती सांगेल का? ती गप्प बसेल. आणि तिला धमकावणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं. त्याचं बळ त्या फोटोत नसतं, आपल्या रागात असतं. आपण राग आवरला की त्याचं हत्यार बोथट होतं.

म्हणून पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे. आजच घरी जाऊन मुलीला आणि मुलालाही एक वाक्य सांगा : ‘मोबाईलवर काहीही झालं तरी मला सांग. मी तुझी शाळा बंद करणार नाही.’ आणि ते पाळा. बाकीचे सगळे नियम यानंतर.

फॉरवर्ड आणि आप्तवाक्य

आता तिसरी गोष्ट. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होती, की मुलं पळवणारी टोळी आलीय. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. २०२४ साली न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. त्या काळात देशात अशा आणखीही हत्या झाल्या, आणि व्हॉट्सअॅपनं एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली.

तो संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटलं असेल, की आपण लोकांना सावध करतोय. हेतू चांगला आणि परिणाम पाच प्रेतं. म्हणजे नुसता चांगला हेतू पुरत नाही, ज्ञान तपासावं लागतं.

ते तपासायचं कसं, हे आपल्याच न्यायदर्शनानं सांगून ठेवलंय. ज्ञानाचं एक साधन ‘शब्द’, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं. पण कुणाचाही शब्द चालत नाही, आप्ताचा पाहिजे. आप्त म्हणजे इथं नातेवाईक नव्हे. ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणलीय आणि जी आहे तशी सांगायचीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आता ही कसोटी फॉरवर्डला लावा. हे कुणी पाहिलं? कधी, कुठं? आणि त्याला खरं सांगायचंय, का मला भडकवायचंय? मामानं पाठवलं म्हणून मामा आप्त होत नाही, मामालाही ते कुणीतरी पाठवलेलंच असतं. तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर संदेश आपल्यापाशी थांबवायचा. आता तर यंत्रानं बनवलेले खोटे फोटो, खोटा आवाज, खोटे व्हिडिओ येतात. ‘डोळ्यांनी पाहिलं’ एवढंही पुरत नाही. आपण पडद्यावरचं चित्र पाहिलं, घटना पाहिलेली नाही.

मग घरी काय करायचं?

आता कामाचं बोलू.

एक. वय पाळा. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांची स्वतःचीच अट तेरा वर्षांची आहे. पाचवीतल्या पोराचं जन्मसाल खोटं टाकून खातं काढून देणारा बाप त्याला पहिला धडा खोटेपणाचा देतो. शिवाय इन्स्टाग्रामवर किशोरवयीन मुलांसाठी वेगळी, जास्त बंदिस्त खाती आहेत. भारतात ती २०२५ मध्ये आली. वय खरं टाकलं तरच त्याचा फायदा मिळतो.

दोन. खातं खाजगी ठेवायचं. ओळखीच्या माणसालाच आत घ्यायचं, आणि ओळखीचा म्हणजे ज्याला प्रत्यक्ष भेटलोय तो. पासवर्ड मैत्रिणीलाही द्यायचा नाही. नकोसा माणूस ‘ब्लॉक’ कसा करायचा आणि तक्रार कशी करायची, हे खातं काढल्या दिवशीच शिकून घ्यायचं. पोहायला शिकताना आधी काठ कुठं आहे ते बघतात, तसं.

तीन. जागा आणि वेळ ठरवा. जेवताना मोबाईल नाही, कुणाचाच नाही. रात्री झोपताना सगळ्या घराचे मोबाईल एका फळीवर चार्जिंगला. गजरासाठी लागतो म्हणाल तर दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. झोप गेली की अभ्यास, स्वभाव, भूक सगळंच बिघडतं.

चार. सूचनांचे आवाज बंद करा. टिंग वाजलं की आपण धावतो. आपण कधी बघायचं हे आपण ठरवावं, टिंगनं ठरवू नये.

पाच. काही विपरीत घडलं तर संदेश पुसू नका, आधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैशाची फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक, जितक्या लवकर तितकं बरं. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८. मन फारच खचलं असेल तर १४४१६, ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि मुलाचं अश्लील चित्र बनवणं, पाठवणं हा गुन्हा आहे. मुलग्यांनो, तुम्हीही ऐका : गंमत म्हणून वर्गातल्या मुलीचा तसला फोटो ग्रुपवर टाकला तर ती गंमत राहत नाही.

उपयोग करून घ्यायचा तर

एवढं सगळं ऐकून वाटेल की नकोच ते. तसं नाही. ग्रामीण भागाच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत, चौदा ते सोळा वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी शेकडा ५७ जणांनी आधीच्या आठवड्यात तो शिकण्यासाठी वापरला होता, आणि ७६ जणांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं शिकण्यासाठीही वापरतायत. त्या वाटेला पाणी सोडायचंय.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. गाव छोटं, शाळा छोटी, यंत्र हेच. फरक वापरणाऱ्याच्या डोक्यात होता.

मुलांनो, तुम्ही काय करू शकता? बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश सगळा ऑनलाईन आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यात कुणालाही भर घालता येते. सोनपेठचा, आपल्या वाण नदीचा, शेजारच्या गंगाखेडच्या संत जनाबाईंचा लेख उघडून बघा. काय कमी आहे? काय चुकलंय? आजोबांना विचारा, पुस्तकात पडताळा आणि दुरुस्त करा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामानाचा सल्ला बापाला वाचून दाखवा. नुसतं बघणारा गिऱ्हाईक असतो. करणारा माणूस त्या यंत्राचा मालक होतो. दिवसाकाठी बघण्यात किती वेळ गेला आणि करण्यात किती, एवढा हिशोब वहीत मांडा. आठ दिवसांत तुमचं तुम्हालाच कळेल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*एक आई : सर, आम्ही शिकलेलो नाही. पोरगंच आम्हाला मोबाईल शिकवतं. आम्ही काय लक्ष ठेवणार?*

ताई, ही तुमची अडचण नाही, ही तुमची संधी आहे. त्याला म्हणा, ‘दाखव बरं, आज काय बघितलंस?’ रोज दहा मिनिटं शेजारी बसा. ज्याला दाखवायला लाज वाटेल ते तो बघायचं कमी करील. आणि बरं काय, वाईट काय, हे ओळखायला अक्षरओळख लागत नाही. चोरून तपासू नका मात्र. एकदा विश्वास गेला की पोरगं दुसरं खातं काढतं, आणि ते तुम्हाला कधीच दिसत नाही.

*एक पालक : शाळेचा अभ्यासच व्हॉट्सअॅपवर येतो. मोबाईल नाही म्हणता येत नाही.*

बरोबर आहे. इथं शिक्षक बसलेत, त्यांना विनंती करू या. अभ्यास वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा, ग्रुपवर टाकायचाच तर पालकांच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी ठरल्या वेळी. उतरवून घ्यायला दहा मिनिटं पुरतात. उतरवून झालं की मोबाईल परत फळीवर.

*नववीतला विद्यार्थी : मोठी माणसं पारावर दिवसभर रील बघतात. मग आम्हालाच का सांगता?*

(टाळ्या.) टाळ्या वाजवल्यात, आता उत्तरही ऐका. याचा प्रश्न योग्य आहे आणि तो मला नाही, मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना विचारलाय. वडगावचा भोंगा टिकला तो सगळ्यांसाठी वाजत होता म्हणून. पण बाळ, एक गोष्ट तुलाही सांगतो. मोठे चुकतात म्हणून तुला चुकायचा हक्क मिळत नाही, तुला त्यांना टोकायचा हक्क मिळतो. आज घरी जाऊन बाबांना म्हण, ‘बाबा, जेवताना मोबाईल ठेवू या, दोघंही.’ ‘दोघंही’ हा शब्द विसरू नको.

सोनपेठला भोंगा लावायचा की नाही, हे गावानं ठरवावं. घरातली फळी मात्र आज रात्रीच रिकामी करता येते. तेवढं करा.